हिरवा भुसा

ज्या जीवाला आपली फिर्याद स्वतःच्या मुखाने मांडता येत नाही, त्याच्या मृत्यूची दाद मागण्याचे ऋण त्याच्यावर माया करणाऱ्यांच्या माथी येते. ते फेडायला निघालेल्या माणसाला प्रथम वाट्याला येतो तो उपहास. जग त्याला समजावते की गेलेला जीव माणसाचा नव्हता. मागे राहिलेले दुःख माणसाचेच आहे, याचा मात्र जगाला विसर पडतो.

फ्रेमवाल्यांचे नेमके तसेच झाले होते.

"चौकीत मला विचारलं, चोरीला काय गेलं?" वहिनींच्या समोरच्या खुर्चीत बसता बसता ते म्हणाले. "म्हटलं, चोरी नाही हो, माझ्या कुत्र्याला कुणीतरी विष घातलंय. तर साहेब म्हणतात, मग दुसरा पाळा की!"

वहिनी विमा कंपनीत खोटे दावे शोधण्यात उमेदीची वर्षे घालवून आता खासगी तपासाचे काम करीत. त्यांच्या शेजारी बसलेले भावोजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. कुत्र्यासाठी तपास ही कल्पना क्षणभर भावोजींनाही हास्यास्पद वाटली होती. पण फ्रेमवाल्यांचा चेहरा पाहून त्यांनी ओठांवर आलेले हसू गिळले.

"तुमचा संशय कुणावर?" वहिनींनी विचारले.

"संशय कसला, खात्री आहे! माझा कुत्रा, पंडित, परक्याच्या हातचं शिवत नसे. खायचा तो फक्त दोघांच्या हातून. एक मी, दुसरा माझा पुतण्या. काढलाय त्याला घराबाहेर."

"मग माझ्याकडे कशाला आलात, दादा?"

फ्रेमवाले म्हणाले, "लहानपणापासून वाढवलाय हो त्याला. माझी खात्री खोटी ठरली, तर बरं होईल."

*

फ्रेमवाल्यांच्या दुकानात पाऊल ठेवताच पॉलिशच्या उग्र दर्पाने भावोजींचे डोळे चुरचुरले. भिंतींवर रिकाम्या चौकटी टांगल्या होत्या, सगळ्या काळ्या, सोनेरी किंवा लाकडाच्याच रंगाच्या. फळीवर रंगांचे डबेही तेवढेच.

"शेवटचे दिवस नीट आठवून सांगा," वहिनी म्हणाल्या.

"चौकटींसाठी काच आली, त्या संध्याकाळी पंडित जरा झिंगल्यासारखा चालत होता. पॉलिशचा वास डोक्यात गेला की आम्हीही असेच झुलतो. पुतण्यानं खिडकी उघडली, आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो." फ्रेमवाल्यांनी डोळे टिपले. "पाणी मात्र घटाघटा प्याला. दुसऱ्या दिवशी अगदी ठणठणीत! तिसऱ्या सकाळी उठेचना. म्हणजे मधल्या रात्रीच घातलं ना कुणीतरी? आणि त्या रात्री घरात आम्ही दोघंच."

"अंगावर काही खूण?"

"पुढच्या पंजांवर हिरवट डाग होता. रंग लागला असेल, म्हणून मी ओल्या फडक्यानं पुसला."

मागच्या अंगणात छपराखाली काचा उभ्या रचल्या होत्या. प्रत्येक दोन काचांमध्ये कागद जसाच्या तसा होता.

"पोचवणारा नेहमीचाच माणूस होता?"

"नाही, तो रजेवर. बदली ड्रायव्हर आला होता. माणूस भला वाटला, बादलीभर पाणी तेवढं मागितलं. पंडित त्याच्या गाडीखालीच सावलीला झोपला होता."

"काचा पुसल्यात वाटतं?"

"छे! कागद काढला की ओरखडे पडतात. लागेल तशी एकेक काढायची." एवढ्यात त्यांचे लक्ष छपराच्या कडेला गेले आणि ते उसळले. "आणि हे बघा! माझ्या पोत्यातला भुसा इथं कुणी ओतला? वरच्या गाण्याच्या बाईंच्या शिष्यांचे उद्योग, दुसरं काय!"

वहिनी खाली बसल्या. केसांतली पिन काढून त्यांनी भुसा हलकेच बाजूला केला. भुशाचा तळ हिरवट आणि चिकट होता. त्याखालच्या फरशीवर भावोजींना पाकळ्यांसारखे काही ठसे दिसले. "फरशीवर फुलांची नक्षी आहे," ते म्हणाले. वहिनींनी भुसा पुन्हा सारखा केला आणि त्यावर एक टोपली पालथी घातली.

"ही कुणी उचलायची नाही," त्यांनी बजावले.

*

वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई आधीच भरून बसल्या होत्या.

"हो, म्हटलं होतं मी, तुमच्या कुत्र्याचं तोंड बंद करा. मी सूर लावला की तोही लावायचा! पण विष? अहो, माझ्या शिष्यांपेक्षा तो बरा गायचा!" बोलता बोलता त्यांचा आवाज भरून आला.

"खाली भुसा तुमच्या कुणी ओतला का?"

"आम्ही कशाला भुशात जाऊ? मला त्यानं शिंका येतात."

पुतण्या मित्राच्या खोलीवर राहत होता. दार उघडले, पण आत या असे काही तो म्हणाला नाही.

"हो, म्हटलं होतं मी, या म्हाताऱ्या कुत्र्याला एक दिवस बडवीन! कोरलेल्या चौकटीचा कोपरा चावून ठेवला होता त्यानं. रागात माणूस काहीही बोलतो. काकांना तेवढंच लक्षात राहिलं." तो कडवट हसला. "पंडितला आंघोळ कोण घालायचं, विचारा त्यांना. सांगतील खाली मान घालून."

जनावरांच्या डॉक्टरांना उसंत नव्हती. "पंडितच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. मूत्रपिंडं पार गेली होती. विषच, यात शंका नाही."

"मूत्रपिंडं एका रात्रीत जातात का, डॉक्टर?"

डॉक्टर सुई भरता भरता थांबले. मग ते आणि वहिनी दाराशी हलक्या आवाजात काही बोलले. भावोजी तेवढ्या वेळात एका मांजरीच्या पिंजऱ्याला धडकले आणि ओरखडा घेऊन परतले.

काचेच्या वखारीत बदली ड्रायव्हर गाडी धूत होता.

"एकदाच गेलो मी तिथं. कुत्रा आजारी पडला त्या रात्री मी दुसऱ्या गावी होतो, मालकांना विचारा."

मालकांनी त्याला दुजोरा दिला.

"पाणी कशाला मागितलंत?" वहिनींनी सहज विचारले.

"काचा पुसायला. धूळ बसली होती खूप."

परतताना भावोजींचा संयम सुटला. "वहिनी, सगळे सुटले! बाई रडल्या, ड्रायव्हर गावातच नव्हता. उरतो तो पुतण्याच. आता त्या माणसाला काय तोंड दाखवायचं?"

"आपण सगळ्यांना चुकीच्या रात्रीबद्दल विचारतोय, भावोजी."

"म्हणजे?"

"तुम्ही शाळेत नदी शिकवायचात ना? पूर खाली दिसतो, पण पाऊस पडलेला असतो वर."

भावोजींनी मान डोलावली. समजले त्यांना काहीच नव्हते.

*

वहिनींच्या सांगण्यावरून फ्रेमवाल्यांनी काचेची आणखी एक खेप मागवली होती. बदली ड्रायव्हरने गाडी अंगणात लावली, तेव्हा छपराखाली गाण्याच्या बाई, फ्रेमवाले आणि भावोजी उभे होते. पुतण्या फाटकाशीच थांबला होता, काकांकडे पाठ करून.

"पंडितला त्या रात्री कुणीच काही घातलं नाही," वहिनींनी सुरुवात केली. "डॉक्टरांनी सांगितलं, अशी मूत्रपिंडं जायला वेळ लागतो. एक विष असं असतं की आधी जनावर झिंगतं आणि त्याला भयंकर तहान लागते. मग ते बरं झाल्यासारखं दिसतं. तेवढ्यात आतून सगळं नासलेलं असतं. दादा, पंडित झिंगला ती संध्याकाळ कुठली?"

"काच आली ती," फ्रेमवाले पुटपुटले. "म्हणजे तो पॉलिशचा वास..."

"दुसऱ्या कुठल्याही घरी माणसं घाबरली असती. तुमच्या घरी सगळेच वासानं झुलतात, म्हणून खिडकी उघडून भागलं. तुमच्याकडे हिरव्या रंगाचा डबा आहे का?"

"नाही."

भावोजींनी कपाळावर हात मारला. ते डबे त्यांनीच पाहिले होते!

"मग पंजे हिरवे कशानं झाले? गाडीचं इंजिन थंड ठेवायला एक पाणी घालतात, कूलंट. बऱ्याच गाड्यांत ते हिरवं असतं, चवीला गोड आणि जनावराला मारक. पंडितला परक्याच्या हातचा घास नाकारायला शिकवलं होतं. फरशीवर सांडलेलं आणि पंजांना लागलेलं चाटू नये, हे त्याला कोण शिकवणार?"

ड्रायव्हर म्हणाला, "गाड्या शंभर येतात इथं."

"पाणी मात्र तुम्हीच मागितलंत. काचा पुसायला म्हणालात. त्या काचा बघा, कागद अजून निघालेला नाही. ते पाणी इंजिनात गेलं, कारण आतलं गळून गेलं होतं."

"बरं, गळलं! मुद्दाम सांडलं का मी? मी गेल्यावर कुत्र्यानं चाटलं, त्याला मी काय करू?"

वहिनींनी टोपली उचलली आणि भुसा बाजूला सारला. फरशीवर हिरवट, वाळलेले, स्पष्ट असे कुत्र्याच्या पंजांचे ठसे होते. भावोजींची नक्षी ती हीच.

"ठसे खाली आहेत, भुसा वर. पंडित आधी यात उभा राहिला, मग कुणीतरी ते झाकलं. ज्यानं झाकलं, त्यानं हे पाहिलं होतं."

ड्रायव्हरने इकडेतिकडे पाहिले. मग त्याचे खांदे उतरले.

"हाकललं होतं मी त्याला. देवाशपथ, लगेच हाकललं. मालकांनी बजावलं होतं, गाडीची पुन्हा तक्रार आली तर उद्यापासून येऊ नकोस. वाटलं, दोन घोटांनी काय होतंय."

"विष आहे हे ठाऊक होतं, म्हणूनच हाकललंत," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "त्या संध्याकाळी दवाखान्यात नेलं असतं, तर डॉक्टरांकडे उपाय होता."

"एक शब्द!" फ्रेमवाल्यांचा आवाज चिरकला. "मी इथंच होतो, बादली मीच भरून दिली. एक शब्द सांगायला तुझी जीभ झडली होती का रे?"

फ्रेमवाल्यांनी ड्रायव्हरचे मनगट धरले. "चल चौकीत. हेच तिथं बोल."

तो झटका न देता निघाला, ही एकच गोष्ट त्याच्या बाजूने सांगता येईल.

चौकीत साहेबांनी सगळे ऐकून घेतले. ड्रायव्हरने घडले ते लपवले नाही. साहेब म्हणाले, मुद्दाम विष घातले असते तर गोष्ट वेगळी. हे कशात बसते, ते वरच्यांना विचारावे लागेल. कधी कळेल? ते सांगता येणार नाही.

"म्हणजे काहीच नाही," पायऱ्या उतरताना फ्रेमवाले म्हणाले. "गुन्हेगार सापडला, कबूल झाला, आणि तरी काही नाही. आता मी कुणाला धरू, वहिनी?"

रस्त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या पुतण्याकडे वहिनींनी नुसते पाहिले.

फ्रेमवाले रस्ता ओलांडून गेले. "घरी चल," एवढेच म्हणाले.

"तुम्हाला वाटलंच कसं, काका?"

"वाटलं खरं. चुकलो मी."

"नुसतं चुकलो म्हणून भागतं का?"

"नाही भागत."

"येईन. आज नाही. आज मला तुमचा फार राग आलाय."

"बरं," फ्रेमवाले म्हणाले आणि एकटेच चालू लागले. त्यांचे गुडघे दुखरे होते. पुतण्या पलीकडच्या कडेने निघाला. पाय तरणे असूनही तो त्यांच्या पुढे गेला नाही.

भावोजी चौकीच्या पायरीवर थांबून ते दोघे दिसेनासे होईपर्यंत पाहत राहिले. सुरुवातीला या कामाला आपण मनात हसलो होतो, याची त्यांना लाज वाटली. त्यांनी नकळत हात जोडले. त्या मुक्या जीवाला शांती लाभो. ज्याची जीभ वेळेवर उचलली नाही, त्याला पुढच्या खेपेस बोलण्याचे धैर्य मिळो. आणि रस्त्याच्या दोन कडांनी चाललेल्या त्या दोघांचे घर एकच राहो.