धावपट्टीवरची फुली

बंद झालेल्या धावपट्टीवर पांढरी फुली काढायची, असा विमानवाल्यांचा रिवाज आहे. वरून कुणी अडचणीत सापडलेला आलाच, तर त्याने ती पाहून समजावं, की इथे उतरायचं नाही. ते काम दिराच्या गळ्यात पडलं होतं. चुन्याची बादली आणि लांब दांड्याचा कुंचा घेऊन तो दुपारीच वहिनीच्या दारात उभा राहिला.

"आजच हवी का, भाऊजी?"

"उद्या नांगर फिरणार, वहिनी. खरं तर कुणाला दिसणार आहे? पण रिवाज आहे..."

"मग ऊन तरी उतरू द्या."

तो ओट्यावर टेकला. एकेकाळी इथे फवारणीची, टपालाची, आजाऱ्यांना शहरात पोचवणारी विमानं यायची. मग पक्का रस्ता झाला. वैमानिकांनी एकेक करून पाठ फिरवली, इंधनाचा पंप गंजला आणि हँगरमध्ये कोंबड्यांनी संसार थाटला. शेवटी उरलं ते त्याच्या थोरल्या भावाचं विमान. त्याचा बोल्टन्‌बोल्ट दिराने स्वतःच्या हाताने आवळलेला. भावाने एका अडलेल्या बाळंतिणीला शहरात सुखरूप पोचवलं, आणि परतताना तो धुक्यात जो शिरला तो शिरलाच. विमान सापडलं नाही, की तो सापडला नाही.

लोकांनी आशा सोडली, वहिनीने नाही. वर्षानुवर्षं ती पट्टीवरचे खडे वेचत राहिली, गवत कापत राहिली. आता मुलाने हट्टच धरला होता, जमीन देऊन टाक आणि शहरात चल. ती हो म्हणाली तेव्हा दिराला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्याची लाजही वाटली.

ऊन उतरल्यावर त्याने फुली काढली. वारा पडला होता. शेवटचा फराटा ओढत असताना दुरून घरघर आली. नांगरवाला आजच आला की काय, असं त्याला वाटलं. मग त्याचा हात थांबला. मधूनच ठसकणारं ते इंजिन त्याने झोपेतही ओळखलं असतं.

आभाळ रिकामं होतं. आवाज मात्र घराच्या छपराला घासून गेला. हँगरचे पत्रे थरथरले, कोंबड्या सैरावैरा पळाल्या.

भावाची सवयच होती ती. उतरण्याआधी घरावरून एक चक्कर मारायची, म्हणजे वहिनीने चहा टाकायचा आणि पट्टीवरच्या शेळ्या हाकलायच्या.

वहिनी धावतच बाहेर आली. "सरा! सरा बाजूला!" पट्टीवर एकही शेळी नव्हती.

आवाज वळला. पट्टीच्या टोकाशी आला, मंदावला... उतरण्याआधी मंदावतो तसा. पेट्रोलचा उग्र वास आला. आणि फुलीच्या अलीकडे इंजिन एकदम गरजलं, वर चढलं, दूर दूर गेलं.

"भाऊजी..." वहिनी फुलीकडे धावली. "ह्यांनी फुली पाहिली."

ती गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी चुना पुसू लागली. दीरही बसला. ओला चुना पुसला जाईना, नुसता पसरत गेला. अंधार पडला तरी दोघं तिथेच होती. आत चहा आटून भांडं करपलं.

दुसऱ्या दिवशी नांगर फिरला. वहिनी मुलाकडे, शहरातल्या वरच्या मजल्यावर राहायला गेली. महिन्याभराने दीर तिला भेटायला गेला.

"आईचं काही खरं नाही, काका," मुलगा हळूच म्हणाला. "रोज संध्याकाळी बाबांचा चहा टाकते..."

तेवढ्यात फळीवरचे कप किणकिणले. वहिनी उठली. चहाचं आधण ठेवून ती गॅलरीत गेली. खाली अरुंद गल्ली, दोन्हीकडे गाड्या लावलेल्या, मधे मुलांचा चेंडूफळीचा डाव रंगलेला.

"सरा! सरा बाजूला!"

गल्ली हसली. एका मुलाने तिची हुबेहूब नक्कल केली. पुतण्याही ओशाळून हसला.

दिराला हसू आलं नाही. छपरावरून गेलेला आवाज वळून गल्लीच्या टोकाशी आला होता. पेट्रोलचा वास येत होता. आणि या गल्लीवर कुणी फुली काढलेली नव्हती.

"पोरांना आत घे," त्याने पुतण्याचा दंड धरला. "अरे, आधी पोरांना आत घे..."

इंजिन मंदावलं.