रोटाचं ताट आणि लोटनभाऊचं गाणं

भर गाण्यात किरणने त्याचा आवाजच बंद केला.

मेहरूण तलावाच्या काठावर कार्यक्रम रंगात आलेला. तरणी पोरं मोबाईल उंचावून उभी, पाण्यावरून गार वारा... आणि स्टेजवरचा तो उंच, चष्मेवाला गायक डोळे मिटून इतका तल्लीन झालेला, की आपला माईक मेलाय हे त्याला कळायलाही वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने डोळे उघडले, माईकवर टिचकी मारली आणि मिक्सरमागे बसलेल्या मुलीकडे पाहिलं. तिचं बोट अजून खाली ओढलेल्या बटणावरच होतं. चेहऱ्यावर—छे, चूक झाल्याचा मागमूससुद्धा नाही!

खरं तर किरण तिथे असायचीच नव्हती. ठरलेल्या साऊंडवाल्याचं जनरेटर ऐन वेळी रुसलं, म्हणून तिला धुळ्याहून टेम्पो घेऊन धावत यावं लागलं. कार्यक्रम कसला, हे विचारायलाही सवड नव्हती. येऊन पाहते तर काय, मागच्या पडद्यावर तिचाच बाप! लांब केस, गळ्यात गिटार, आणि खाली अक्षरं—‘लोटनभाऊंना मानवंदना’.

लोटनभाऊ कोण, हे इकडच्या गावांत कोणाला सांगावं लागत नाही. पण तुम्ही लांबचे, म्हणून सांगते. पिंपळनेरच्या शेतकऱ्याचा हा पोरगा. लग्नाच्या बँडमध्ये बँजो वाजवता वाजवता त्याने कुठून तरी इलेक्ट्रिक गिटार पैदा केली, बँडच्या जनरेटरला जोडली आणि अहिराणीत रॉक गायला लागला. कविता स्वतःच्या, चाली स्वतःच्या. हुंड्याच्या लग्नात हुंड्यावरच गाणं म्हटलं आणि वऱ्हाडाचा मार खाल्ला. पुढाऱ्याच्या सभेत पुढाऱ्यावर गाणं म्हटलं आणि कोठडी पाहिली. सुटला तो नवं गाणं घेऊनच! ‘बठ्ठा चूप शेतस, मी बोलसू’—सगळे गप्प आहेत, मी बोलणार. भाऊ गेले, पण हे गाणं रिक्षांच्या पाठीवर आणि पोरांच्या टी-शर्टवर अजून फिरतंय.

या गाण्याची एक गंमत होती. त्याला शेवटचं कडवं नव्हतं. “शेवटलं तुमनं!” म्हणून भाऊ माईक लोकांत फिरवायचे. मग भाजीवाली, हमाल, कॉलेजची पोरगी—ज्याला जे बोलायचं असेल ते तो जोडायचा. सगळ्या मुलखाने जोडलं, पण भाऊंच्या लेकीने कधीच नाही. भाऊ गावोगाव गात फिरायचे तेव्हा माय दारात उभी राहून वाट पाहायची, ते किरणने लहानपणापासून पाहिलेलं. तिने पक्कं ठरवून टाकलं होतं, की आबांचे, म्हणजे बापाचे, स्पीकर सांभाळीन, पण गाणार नाही. आणि गाणाऱ्या माणसाच्या प्रेमात तर मुळीच पडणार नाही!

कार्यक्रम कसाबसा आटोपल्यावर तो चष्मेवाला मिक्सरपाशी आला.

“माझा माईक तुम्ही बंद केलात?”

“हो.”

“का?”

“आबा हे गाणं रडत नव्हते गात. कोठडीतून सुटलेला माणूस असा गातो होय? तुम्ही तर अंगाई म्हणत होतात.”

“आबा?... म्हणजे तुम्ही लोटनभाऊंच्या...”

“मुलगी. आणि माझ्या वायरवरून पाय काढा.”

त्याने घाईघाईने पाय काढला तो दुसऱ्या वायरवर ठेवला. किरणला हसू आलं, पण तिने ते गिळलं.

“मी अर्हम. आमचं इथे कापडाचं दुकान आहे. घरात सगळे कापड मोजतात, मी ताल मोजतो.” तो जरा घुटमळला. “मला शिकवाल का हे गाणं?”

“मी गात नाही.”

“पण ऐकता छान. माईक बंद करावासा वाटेल इतकं मन लावून मला आजवर कोणीच ऐकलं नव्हतं.”

आता या माणसावर रागवायचं तरी कसं!

पुढच्याच आठवड्यात स्वारी धुळ्याला हजर. म्हणे तुमची वायर राहिली होती. वायर तिची नव्हतीच. त्यानंतर माईक बघायला आला, मग स्पीकरचा भाव विचारायला, मग कारण सांगायचंही त्याने सोडून दिलं. गोदामात खोक्यावर बसून तो गायचा आणि किरण सोल्डरिंग करता करता ओरडायची, “नाकातून नको, पोटातून!” तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. माय चहा घेऊन यायची आणि उगाचच दारात रेंगाळायची. आणि एक दिवस किरणच्या लक्षात आलं, की रस्त्यावर त्याच्या स्कूटरचा हॉर्न वाजतो का, याकडे आपला कान लागलेला असतो. स्वतःवर अशी चिडली म्हणता!

त्यातच एकदा अर्हम उड्या मारत आला. “किरण, दिवाळीनंतर दौरा! फैजपूरपासून पिंपळनेरपर्यंत, गावोगाव, फक्त लोटनभाऊंची गाणी!”

तिने एवढंच ऐकलं. गावोगाव... म्हणजे पुन्हा तेच दार आणि तीच वाट पाहणं.

“जा की मग,” ती म्हणाली. “मला कशाला सांगतोस?”

त्यानंतर तिने त्याचे फोन घेणं बंद केलं.

श्रावणात कानबाई आली, आमच्याकडची घरोघरची देवी. घर माणसांनी भरलं, पुरण शिजलं, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी झाली. कानबाईचा रोट ठाऊक आहे ना? घरातल्या माणसांच्या नावाने गहू वेगळा काढायचा, वेगळा दळायचा, त्याच्या पुऱ्या करायच्या, आणि नैवेद्य झाला की हा रोट भाऊबंदांनीच खायचा. परक्याच्या ताटात त्यातला घासही जाऊ द्यायचा नाही. पाहुण्यांसाठी स्वयंपाक निराळा.

त्या रविवारी संध्याकाळी किरण अंगणात टेम्पोवर स्पीकर चढवत होती, दुसऱ्या दिवशी सकाळच्या विसर्जनाच्या मिरवणुकीसाठी. बघते तर अर्हम फाटकात! मायने त्याला जेवायला बोलावलं होतं, तिला न विचारता. तिने तोंड फिरवलं. तो आत गेला. जैन घरातला पोरगा तो; चातुर्मासात सूर्य मावळला की पाणीसुद्धा घ्यायचं नाही, असा शब्द त्याने त्याच्या आजीला, सायरबाईंना दिला होता. आणि सूर्य तर टेकायला आलेला.

थोड्याच वेळात आतून किरणच्या आत्याची, तानुअक्काची किंकाळी आली.

“ओ माय वं! हाऊ ते रोट खाई राह्यना!”

सगळं घर स्वयंपाकघराकडे धावलं. अर्हम पाटावर बसलेला, अर्धी पुरी हातात, अर्धी तोंडात. गिळावी की काढावी, बिचाऱ्याला काही सुचेना.

“मी... सूर्य मावळत होता म्हणून...”

“परकाले रोट चालस नही!” तानुअक्का कपाळाला हात लावून म्हणाली. “आते काय करो?”

“मंग परका कसाले ठेवो?” कोपऱ्यातून भाऊबंदांतले म्हातारे रुपचंद आजोबा म्हणाले. “घरना करी टाका!”

असा हशा पिकला की कानबाईसमोरचा दिवासुद्धा हलला. अर्हम कानापर्यंत लाल. किरण त्याहून लाल. ती तडक बाहेर येऊन टेम्पोत बसली.

मागोमाग माय आली. “त्याला बोलू नकोस. ताट त्याच्या हातात मीच दिलं.”

“माय! जाणूनबुजून?”

“मग काय, देवी येऊन वाढणार होती?”

“मला नाही जमायचं,” किरणचे डोळे भरून आले. “तुझ्यासारखं दारात उभं राहून रडत वाट बघणं...”

“रडत?” माय तिच्या शेजारी टेकली. “अगं, तुझे आबा गल्लीच्या तोंडापासून गात यायचे. नवं गाणं सगळ्या जगाच्या आधी मी ऐकायचे, त्या दारात. तू तेव्हा झोपलेली असायचीस. कोठडीच्या दिवसांत हाल झाले, नाही कशाला म्हणू? पण पुन्हा निवडायला सांगितलं तर त्यांनाच निवडीन. मी कधी रुसले नाही, पोरी. माझ्या वाटचा रुसवा तूच धरून बसलीस.”

मायच्या खांद्यावर डोकं ठेवून किरण पोटभर रडली, आणि मग तिला एकदम हलकं हलकं वाटलं.

सकाळी कानबाई विसर्जनासाठी पांझरा नदीकडे निघाली. बाया फुगड्या खेळताहेत, गुलाल उडतोय, टेम्पोवर अर्हम गिटार घेऊन उभा. आता घरचाच म्हटल्यावर त्याला कोण सोडतंय! “मी बोलसू! मी बोलसू!” पोरांनी गलका केला.

तो गायला. आणि काय गायला! पोटातून, ठसक्यात, हसत-हसत आणि डोळे उघडे ठेवून. आबांसारखा मुळीच नव्हता तो आवाज. त्याचा स्वतःचा होता, आणि किरणला तो आवडला. मनापासून आवडला.

“शेवटलं तुमनं!” त्याने माईक गर्दीकडे धरला. तिच्याकडे बघितलंही नाही. तिला पेचात टाकायचं नव्हतं त्याला.

किरणने मिक्सरवरचा माईक उचलला.

“तुना आवाज मीच दाबा व्हता,
आते तू बोल... मी ऐकसू!”

असा जल्लोष झाला की विचारू नका! माय पदराने डोळे पुसत होती. अर्हम गिटार वाजवायची विसरून नुसता बघत राहिला.

“आते बोल ना रे!” तानुअक्का खेकसली.

त्याने तोंड उघडलं, पण गोंगाटात काही ऐकू येईना. किरणने त्याच्या माईकचं बटण हळूच वर सरकवलं... पार वरपर्यंत.

“अक्का, परकाले रोट चालस नही ना?” त्याचा आवाज नदीपर्यंत गेला. “मग... मी घरना व्हऊ का?”

“तिला विचार!” बाया ओरडल्या.

किरणने टेम्पोवर उडी मारून त्याचा चष्मा सरळ केला. गुलालाने पार माखला होता. “दौऱ्यात साऊंड कोणाचं?”

“ठरवलं नाही अजून.”

“बाहेरचं लावलंस तर बघ! मी दारात उभी राहणार नाही, मिक्सरमागे बसणार. बेसूर गायलास की माईक बंद.”

“मंजूर.”

“आणि तुझ्या आजीचं काय?”

“तिला कधीच सांगितलं. तिने एवढंच विचारलं, पोरगी सूर्यास्ताआधी जेवते का?”

किरण खळखळून हसली. घरी परतल्यावर पंगत बसली, तेव्हा ऊन अजून अंगणभर होतं. तानुअक्काने वाढताना हात आखडला. “अजून लगीन नही व्हयनं. याले रोट कसा वाढू?”

किरणने आपलं ताट दोघांच्या मधे सरकवलं.