टोप रिकामा का आला?

"अहो, तुमचा भात करपतोय!"

शेजारच्या दारात उभी राहून कुंदा ओरडली, तेव्हा आतला तरुण स्टोव्हसमोरच मांडीवर ट्रान्झिस्टर उघडून बसला होता. नाकाशी धूर, आणि साहेबांना पत्ता नाही!

"करपतोय होय? मला वाटलं, माझ्या भाताला असाच वास येतो," तो म्हणाला... आणि असा काही हसला, की कुंदाचा पाय तिथून निघेना.

रत्नागिरीच्या दर्यादीप ब्लॉक्सची तऱ्हाच तशी. खोली मिळायची, स्टोव्ह नि भांडी मिळायची. रांधायचं, घासायचं आपलं आपण. खेडची कुंदा बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी इथे उतरली होती, आणि राजापूरचा सदानंद टेलिफोनच्या कामासाठी.

त्या दिवशी तिने त्याला टोपभर पेज दिली. टोप परत आला तो मूठभर काजूगर घेऊन. भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आपली कोकणातली रीत. मग काय विचारता! आज आमटी, उद्या आंबोळ्या... टोप दोन दारांमध्ये फिरत राहिला, आणि तो घेता-देताना बोटं उगाच रेंगाळू लागली.

"आज मीठ कमी होतं हं."

"मग सगळं संपवलंत कशाला?"

"तक्रार करायला यायचं होतं ना!"

अगं बाई! कुंदा पुरती खुळावली होती. रविवारी मुंबईचं स्थळ तिला बघायला येणार, आणि हिचा जीव इथे अडकलेला. त्याने एकदा मनातलं बोलावं... बस्स, एकदाच! पण तो मेला मिठावरच बोलायचा.

खेडला परत निघायच्या दिवशी सकाळी व्हरांड्यात पागोळ्या गळत होत्या. दाराशी टोप ठेवलेला होता. घासूनपुसून लख्ख — आणि रिकामा!

म्हणजे संपलं सगळं? ती तरातरा त्याच्या दाराशी गेली.

"रिकामं भांडं परत देतात का कुणी? राजापुरात रीत नाही वाटतं?"

"आहे की." त्याची मान खाली होती. "म्हटलं, रिकामा ठेवला तर तुम्ही भांडायला तरी याल. माझा... माझा यायचा धीरच होईना."

कुंदाचे डोळे भरून आले. "रविवारी मला बघायला येतायत."

त्याने हळूच विचारलं, "तुम्हाला... पसंत आहे ते?"

"मला तुम्ही पसंत आहात!" ती बोलून गेली, आणि लाजेने चूर झाली.

"मग मी शनिवारी येतो. आईला घेऊन."

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून बाबांचा आवाज आला, "गो कुंदा, जेवायलाच या म्हणावं! आणि चल लवकर, एसटीच्या आधी पोस्टात जाऊ... त्या मुंबईवाल्यांना येऊ नका म्हणून तार करायला हवी."