नकाशावरचं निळं तळं

"ट्यूब फुगवलीस का?" टिटवीनं विचारलं.

"ट्यूबही फुगली, गालही फुगले. चल आता," पाणघोडा म्हणाला.

टिटवी बोलायला लागली की थांबायची नाही, म्हणून घरी तिला हे नाव पडलं होतं. तिचा भाऊ पाणघोडा पाणी दिसलं की उडी ठोकायचा. धाकटी शेपूट दोघांच्या मागे मागे. तिघं सुट्टीसाठी मावशीकडे आली होती. मावशी नगरपालिकेत उपग्रहाच्या छायाचित्रांवरून पाण्याचे नकाशे करायची. समुद्राकाठचं हे शहर भराभर वाढत होतं. त्याला पाणी पुरेल का, ते या नकाशांवरून ठरायचं. नव्या उंच इमारतींच्या पायथ्याशी नकाशात एक ऐटदार निळं तळं होतं.

भर दुपारी तिघं पोहायला तिथं पोचली. तळं कसलं, नुसतं धुळीचं मैदान!

टिटवीनं लगेच गाणं जुळवलं:

"तळं गेलं गावाला,
बेडूक बसला रडायला."

मैदानाकडेच्या वस्तीत एक शिंपीणकाकू शिलाई मशीन चालवत होत्या. ट्यूब बघून त्यांना हसू आवरेना.

"पोहायला आलात? अरे बाळांनो, इथं तोंड धुवायची पंचाईत. या इमारतींनी जमिनीतलं पाणी इतकं उपसलं, की समुद्र आमच्या विहिरीत शिरला. सगळी खारट झाली."

"मग पिता काय?" शेपटीनं विचारलं.

"टँकरचं पाणी. तेही येत्या सोमवारपासून बंद होणार. नगरपालिका म्हणते, तुमच्याजवळ मोठं तळं आहे, मग टँकर कशाला?"

पाणघोड्यानं गुपचूप ट्यूबमधली हवा सोडून दिली.

मुलांनी थेट मावशीचं ऑफिस गाठलं. मावशी चपापली. पण तिचे साहेब खुर्चीतून हललेसुद्धा नाहीत.

"चुकीच्या जागी गेला असाल. हे बघा, कालचंच छायाचित्र. तळं जागच्या जागी आहे. उपग्रह काय थापा मारतो?"

"साहेब, तुम्ही तिथं कधी गेला होतात का?" टिटवीनं विचारलं.

"मला इथून सगळं दिसतं," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुलं मावशीला घेऊन सकाळीच मैदानात हजर झाली. मावशीचा फोन होता, त्यात नकाशा होता, आणि आपण कुठे उभे आहोत ते दाखवणारा ठिपका. ऊन तापू लागलं. शेपटीची चप्पल तुटली होती. ती अनवाणी नाचत होती. नाचता नाचता थांबली.

"दादा, इथं पाय भाजत नाहीत."

"इमारतींची सावली आहे ना वेडे, भाजतील कसे?"

"अन् तिथं भाजतात."

टिटवीनं सावलीची कड न्याहाळली. तिनं फोनमध्ये पाहिलं. "मावशी, उपग्रह छायाचित्र कधी काढतो?"

"साधारण साडेदहाला. दर वेळी त्याच सुमाराला."

आत्ता साडेदहाच वाजत होते. टिटवी सावलीच्या कडेकडेनं चालू लागली. फोनमधला ठिपका तळ्याच्या काठाकाठानं चालला.

मावशीनं फोन जवळ ओढून पाहिला. "अगं बाई! वरून पाणी काळं दिसतं, सावलीही काळीच. हिवाळ्यात सावली लांबते, उन्हाळ्यात आखडते. मला वाटायचं, तळं भरतंय अन् आटतंय!"

"तळं सापडलंय, साडेदहाला दाखवतो," असा मुलांचा निरोप गेला, तेव्हा शनिवारी साहेब ऐटीत आले. मुलांनी त्यांना मैदानाच्या मधोमध नेऊन उभं केलं आणि फोन हातात दिला.

"ठिपका म्हणजे तुम्ही," पाणघोडा म्हणाला. "आत्ता तुम्ही भर तळ्यात आहात."

साहेबांनी फोन पाहिला. मग आपले कोरडे बूट पाहिले. वस्तीतल्या बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. साहेब हसले नाहीत, चिडलेही नाहीत. फोनमधला ठिपका बघत ते सावलीच्या काठानं एक फेरी मारून आले.

"टँकर बंद होणार नाही," ते शिंपीणकाकूंना म्हणाले. "आणि या इमारतींचा उपसा मोजायला मी स्वतः येईन." मग मुलांकडे वळले. "खुर्चीतून मला जे दिसलं नाही, ते तुम्ही चालून पाहिलंत. शाबास."

सोमवारी टँकर आला. काकूंनी पहिला तांब्या भरून शेपटीपुढे धरला.

"घे बाळ. तुझ्या पायांनी राखलेलं पाणी आहे."

शेपूट घटाघटा प्यायली आणि अर्धा तांब्या काकूंना परत देत म्हणाली, "आता तुम्ही."

मावशीनं नवा नकाशा उघडला. त्यात उंच इमारतींच्या पायथ्याशी अजून कितीतरी निळी तळी होती.

"कोण येतंय माझ्यासोबत?" तिनं विचारलं. उत्तराची वाट बघायची वेळच आली नाही. तिघंही रस्त्याला लागली होती.