पणजोबांचा खटला

दुपारचा चहा सरांपुढे ठेवला की अन्वरीची तासभर सुटका नसे. रत्नागिरीची ही नर्स अबुधाबीजवळच्या खलिफा सिटीतल्या त्या व्हिलात आली होती सरांच्या आजारी बायकोसाठी, मॅडमसाठी. पण सरांना आपल्या वेल्श पणजोबांची गोष्ट ऐकवायला हक्काचं माणूस मिळालं होतं. बोलूनचालून म्हातारा माणूस, ऐकून घ्यावं, असं तिला वाटे.

पणजोबा ग्रिफिथ खाणकामगाराचा मुलगा. शिकून वकील झाला, जमीनदारांनी घराबाहेर काढलेल्या कुळांसाठी भांडला, त्यांच्या जोरावर थेट लंडनच्या पार्लमेंटात गेला. इथवर सगळं छान होतं.

“मग त्यांची बायको अंथरुणाला खिळली,” सर काल म्हणाले. “तिला दूध कडू लागायचं.”

आज सकाळी मॅडमनी पेला दूर सारला. दूध कडू होतं म्हणे. अन्वरीच्या मनात पाल चुकचुकली. दूध रोज सरच गरम करून देत.

“पुढे काय झालं, सर?” तिने चहा देताना विचारलं.

“ती गेली. संशय नर्सवर आला. खटला पणजोबांनीच चालवला... फाशी झाली तिला.”

“तिनेच केलं होतं?”

“पळाली ना ती. निर्दोष माणूस पळतो का?” सर हसले. “मॅडमला सांगू नकोस हं. तिला मी हे कधीच ऐकवलं नाही.”

किचनमध्ये येऊन तिने अबुधाबीत टॅक्सी चालवणाऱ्या नवऱ्याला फोन लावला.

“जहूर, मला न्यायला ये. इथं काहीतरी ठीक नाही.”

“यल्ला, चल, बॅग भर. अर्ध्या तासात पोचतो, इन्शाल्ला.”

पण मॅडमना तसंच टाकून जायला तिचा जीव होईना. तिने दुधाची नवी पिशवी फोडली, स्वतः उकळलं, दोन घोट चाखलं. गोड होतं. ती वर गेली. एसी चालू, खिडक्या बंद, तरी खोलीत ओल्या कोळशाच्या धुराचा वास कोंडला होता.

मॅडमनी घोट घेतला. “कडू...”

“नाही मॅडम. मी आताच चाखलंय.”

“तीही कोर्टात हेच सांगत होती.”

अन्वरीने पेला बाजूला ठेवला. खाली रस्त्यावर जहूरचा हॉर्न वाजला. मॅडमनी कान टवकारले आणि अगदी मायेने तिचं मनगट धरलं.

“जाऊ नकोस... तिचाही नवरा असाच घोडागाडी घेऊन दाराशी आला होता.”