दुसरी नळी

सहा वर्षं डायलिसिसवर काढल्यावर नेरे गावच्या काशिरामला मूत्रपिंड मिळालं, तेही हेपॅटायटिस सी असलेल्या एका मेलेल्या माणसाचं. तो कोण, कुठला, हे सांगायचं नाही असा नियमच होता. "विषाणू तुमच्यात येईल, पण बारा आठवडे गोळ्या घेतल्या की जाईल," डॉक्टर म्हणाले. काशिरामने सही ठोकली.

गोळ्या संपल्या. खांदा कॉलनीतल्या लॅबमध्ये त्याने रक्त दिलं, तर त्याच्या नावाचे दोन रिपोर्ट आले. एकात विषाणू नाही, दुसऱ्यात लाखांनी.

"लॅबचा घोळ," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा तपासा."

पुन्हा तेच. लॅबचा मालक म्हणे, कॉम्प्युटरची चूक. यकृताला धोका आहे का, गोळ्या परत सुरू करायच्या का, कुणी धड सांगेना. हेलपाटे घालून काशिराम मेटाकुटीला आला. बायको, वेणू, समजूत घालायला गेली की तिच्यावरच खेकसायचा, "माज्या अंगात काय हाय, ते मला कोन सांगल?"

तिसऱ्या वेळी लॅबचं शटर उघडायच्या आधीच तो दारात उभा होता. रक्त घेणाऱ्या वल्लरीने उजव्या हातातून रक्त काढलं. त्याने समोर उभं राहून नळीवर नाव चिकटवून घेतलं.

"तपासायला नळ्यांचा डबा जाईपर्यंत मी हितून हलनार नाय."

तो भिंतीकडच्या बाकावर बसला. स्पिरिटचा वास, पंख्याची घरघर. माणसं येत होती, जात होती. बाक रिकामाच होता, तरी एकदा तो उगाच जरा सरकला.

अकराला डबा न्यायला माणूस आला. काशिरामने आत डोकावून नळ्या चाचपल्या. त्याच्या नावाच्या दोन नळ्या. एक गार. दुसरी अजून कोमट.

"ही कोनाची?" तो ओरडलाच.

वल्लरी गोंधळली. "तुमच्याबरोबरच्यांची, काका. दर वेळी येतात ना? नाव विचारलं की तुमचंच सांगतात. मला वाटलं, घरचेच कुणी, तुमच्या नावावर तपासून घेतायत."

"माज्याबरोबर कुनी नाय."

"आत्ता तर शेजारी बसले होते. तुम्हीच सरकून जागा दिलीत."

काशिरामने वळून रिकाम्या बाकाकडे पाहिलं. "काय बोलला तो?"

"काही नाही. सुई टोचताना एवढंच विचारलं," वल्लरी म्हणाली, "त्याला लघवी नीट होते ना?"