वरच्या खोलीतलं पितळी बटण

"बाबा, जुन्या घरातल्या वायरी तपासताना भूत सापडलं, तर ते कितव्या वर्गात टाकता?"

मैत्रिणींनी पैजेवर हा प्रश्न तिच्या गळ्यात मारला होता, आणि हल्ली पैज म्हटली की तिच्या अंगात वारंच शिरायचं. घरात तिला तुफान म्हणायचे ते काही उगीच नाही. बाबांनी शिडी खांद्यावर घेत शांतपणे सांगितलं, "अर्थिंग नीट असेल तर तिसऱ्या."

जुनं वायरिंग तपासणं हा बाबांचा धंदा. पहिला वर्ग म्हणजे आत्ता हात लावला तर झटका. दुसरा म्हणजे आज ना उद्या आग. तिसरा म्हणजे म्हातारं झालंय, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात. आज मात्र ते स्वतःसाठी तपासत होते. आईने या घराला मनातल्या मनात पडदेही लावून टाकले होते. पण पहिल्या वर्गातला एक जरी दोष निघाला तर घर घ्यायचं नाही, असं बाबांनी बजावलं होतं. घर नाही म्हणजे वरची खोली नाही. आणि कपाटाच्या आडोशाला, बाबांच्या घोरण्याच्या साथीत अभ्यास करून तुफान मेटाकुटीला आली होती.

म्हणून सकाळपासून ती प्रत्येक वायरीची वकिली करत होती. मेन बंद करून बाबांनी खालच्या खोल्या पालथ्या घातल्या. वायरींवरचं रबर बोट लावताच भुरभुरत होतं. ती लाडीगोडीने "तिसरा" म्हणायची, बाबा "दुसरा" म्हणून पुढे सरकायचे. पहिला मात्र निघाला नाही.

वरच्या खोलीत दाराशेजारी गोल पितळी बटण होतं. बाबांना विचारून तिने त्यावर बोट ठेवलं. कोमट लागलं.

"सांधा सैल असला की तापतं," बाबा सवयीने म्हणाले, आणि बोलता बोलता थांबले. मेन बंद होतं. घर तर कित्येक वर्षं कुलपात.

बाबांनी लावलेलं तपासणीचं मीटर शून्यावरून हललं नाही. त्यांनी बटण उघडलं. मागे वायरच नव्हती, नुसता गिलावा होता. सुटं बटण तळहातावर घेतलं, तर गार.

तुफानने उघड्या भिंतीवर हात टेकला. ऊब तिथेच होती. बाबांनी टेकला, तर त्यांना काही लागेना. तिने हात खिडकीकडे सरकवला. ऊब मागोमाग आली.

तिला गुदगुल्या झाल्यासारखं हसू फुटलं.

तिने बोटं फाकवली. ऊबही फाकली, पाच ठिकाणी. तिच्या बोटांपेक्षा जराशी आखूड.

तिने हळूच दाबलं.

पलीकडूनही दाबलं गेलं. भिंत तर बाहेरची, पलीकडे नुसती मोकळी हवा होती.

तिने हे सांगताच बाबा घाईघाईने हत्यारं भरू लागले. आई दारात आली, काय झालं म्हणून विचारू लागली. दुसरं घर बघू, एवढंच ते म्हणाले; हे त्यांच्या कुठल्याच वर्गात बसत नव्हतं.

"घर हेच घ्यायचं, आणि खोली मी हीच घेणार," तुफानने दोघांना सांगून टाकलं. हात तिने अजून भिंतीवरून काढला नव्हता. "फक्त पलंग दोन लागतील."